भीक, खैरात आणि हक्क: इंदापूर-बारामतीच्या दुष्काळाने शिकवलेला हिशोब

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज एक प्रश्न आहे, जो तुम्हाला-मला आठवड्यातून एकदा तरी पडतोच. समोर कुणी हात पसरला तर पैसे द्यावेत की नाही? दिले तर त्या माणसाची मदत होते, की त्याच्यामागे बसलेल्या कुणा तिसऱ्याचं फावतं?

आमच्या घरात यावर दोन पक्ष आहेत. घर इंदापूर तालुक्यात, माझं शिक्षण बारामतीला झालं, नोकरी हिंजवडीत. वडील म्हणतात, रोख पैसे अजिबात द्यायचे नाहीत. आज एकाला दिले की उद्या चार येतात, आणि लहान पोरांना पुढे करणाऱ्या टोळ्या असतात. आजी म्हणते, दारात आलेला रिकामा जाता कामा नये. तिने आयुष्यभर पसाभर ज्वारी झोळीत टाकलेली आहे, आणि आता दळण गिरणीतून येतं म्हणून ती पीठ टाकते. दिवाळीत घरी गेलो की हा वाद ठरलेला.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. काही बिघडलं की आधी जुने लॉग काढून बघायचे, मग मत द्यायचं, ही सवय. म्हणून या वादाचे जुने लॉग बघितले. आणि गंमत म्हणजे ते सगळे आमच्याच दोन तालुक्यांच्या आसपास सापडले.

आधी शब्दांकडे बघू. मराठीत मागण्याला आणि देण्याला किती शब्द आहेत! भीक, भिक्षा, माधुकरी, जोगवा, दक्षिणा, खैरात, बलुतं, पसा-कुडता. क्रिया एकच. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात काहीतरी जातं. पण घेणारा कोण आहे त्यावरून शब्द बदलतो, आणि शब्दाबरोबर त्याची इज्जत बदलते.

पेशवाईत पुण्याला श्रावणात रमण्यावर दक्षिणा वाटली जायची. आधी ही प्रथा तळेगावला दाभाड्यांकडे होती. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले आणि पुढे ती पुण्यात पेशव्यांकडे आली. दूरदूरहून ब्राह्मण यायचे, रक्कम घ्यायचे. त्याला कुणी भीक म्हटलं नाही. इंग्रज आल्यावर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. त्याच निधीतून १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली, आणि १८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला की हा पैसा मराठी पुस्तकांना बक्षिसं द्यायला वापरा. पुण्यात गरीब विद्यार्थी माधुकरी मागून, नाहीतर घरोघरी वार लावून शिकायचे. अशी कितीतरी माणसं पुढे नाव काढून गेली. माधुकरीने ही मुलं आळशी होतील, असं म्हणून कुणी त्यांच्यावर पोलीस घातले नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण तर दरवर्षी डोळ्यांसमोर असतं. आषाढी वारीत तुकोबांची पालखी उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करत सराटीला नीरेच्या काठी पोचते. या वाटेवर गावंच्या गावं वारकऱ्यांना जेवू घालतात. कुणाला विचारत नाहीत की बाबा, तुझं उत्पन्न किती? पण त्याच रस्त्यावर पालखी गेल्यावर महिन्याभराने तोच म्हातारा एकटा बसला, की तो भिकारी होतो.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. भिकारी तयार कसा होतो?

इंदापूर म्हणजे पर्जन्यछायेतला मुलूख. पाऊस बेभरवशाचा. इंग्रजांनी पेशवाई घेतल्यावर या भागात शेतसाऱ्याचे प्रयोग केले. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी करून, उत्पन्नाचं गणित मांडून सारा ठरवला. गणित कागदावर सुरेख होतं आणि सारा भरमसाट होता. १८३० च्या सुमाराला तो लागू झाला आणि इंदापुरात तो इतका फसला की लोक जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातच नवी पाहणी केली, सारा बराच खाली आणला आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. म्हणजे महसूल खात्याच्या इतिहासात इंदापूर हे फार मोठं नाव आहे. आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचंय: जमीन सोडून निघालेला तो कुणबी रस्त्यावर आला, तेव्हा त्याच्या अंगात आळस शिरला नव्हता. सरकारी तक्त्यातला एक आकडा चुकीचा होता.

पुढे रोखीने सारा भरायचा म्हणून सावकार आला. १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची घरं-दुकानं गाठून कर्जाचे कागद जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात जे शिकवतात त्याची सुरुवात ही. सावकारांनी त्या काळात हात आखडता घेतला होता. आणि दुसऱ्याच वर्षी, १८७६ मध्ये, पावसाने दगा दिला.

१८७६ ते ७८ चा तो दुष्काळ. आजचा बारामती भाग तेव्हा भीमथडी तालुक्यात यायचा. भीमथडी, इंदापूर, पलीकडे सोलापूर, सातारा, नगर, सगळा पट्टा होरपळला. दक्षिण भारतात मिळून मेलेल्यांचा अंदाज ५० लाखांच्या वर जातो.

आता इथे आपला प्रश्न पहिल्यांदा सरकारी भाषेत विचारला गेला. उपाशी माणसाला फुकट दिलं तर तो बिघडेल का?

सर रिचर्ड टेंपल हे यातलं मुख्य पात्र. १८७३-७४ मध्ये बिहार-बंगालात दुष्काळ पडला, तेव्हा याच माणसाने ब्रह्मदेशातून तांदूळ आणून सढळ हाताने वाटला होता. भूकबळी जवळजवळ टळले. त्याबद्दल शाबासकी मिळायला हवी होती. मिळाली टीका: पैसे उधळले म्हणून. १८७७ च्या सुरुवातीला व्हाइसरॉयने त्याला दुष्काळी भाग बघायला पाठवलं, तेव्हा तो काटकसर सिद्ध करायलाच निघाला होता. त्याने मजुराच्या रोजच्या धान्याचं माप खाली आणलं: एक रत्तल. आजच्या हिशोबात साधारण ४५० ग्रॅम, वर थोडे पैसे. आणि एवढ्यावर दिवसभर दगड-माती वाहायची. पुढे मुंबई इलाख्याचा गव्हर्नरही तोच झाला.

माप कमी करण्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. गावाजवळची छोटी कामं बंद करून लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर जायला सांगितलं. यामागचा विचार नीट समजून घ्या. काम लांब आणि कष्टाचं असेल, मजुरी जेमतेम असेल, तर जो खरोखर उपाशी आहे तोच येईल. जो ढोंग करतोय तो येणार नाही. म्हणजे ती भुकेची परीक्षा होती. आज आपण सिग्नलला काचेआडून जे बघतो, हात-पाय धड आहेत का, कपडे किती मळलेत, खोकला खरा आहे का, ते याच परीक्षेचं छोटं रूप.

आणि निकाल काय लागला? दख्खनच्या जिल्ह्यांत लोकांनी चक्क कामं सोडली. लाखभर माणसं दुष्काळी कामांवरून निघून गेली. कमी मजुरीवर, घरदार सोडून लांब जाणार नाही, म्हणाली. उपाशी माणसांचा हा संप होता. सरकारी अधिकाऱ्यांनी सरळ अर्थ काढला: बघा, यांना मुळात गरजच नव्हती! पुण्याची सार्वजनिक सभा मात्र या लोकांच्या बाजूने उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेने दुष्काळी भागातून माहिती गोळा केली, सरकारला पत्रामागून पत्र पाठवलं. पोट भरत नाही एवढ्या मजुरीवर माणूस काम करून आणखी लवकर मरतो, हे साधं गणित त्यांना सरकारपुढे मांडावं लागलं.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. कारण परीक्षा घेणाऱ्याची एक सोय असते. उमेदवार पास झाला तर परीक्षा चांगली, आणि मेला किंवा निघून गेला तरी परीक्षा चांगलीच. चूक कुठे आहे हे त्या परीक्षेतून कधी कळतच नाही.

एवढी माणसं गेल्यावर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग बसला, १८८० मध्ये अहवाल आला आणि १८८३ मध्ये दुष्काळाची नियमावली तयार झाली. त्यात एक तत्त्व मान्य झालं. ज्याच्या अंगात ताकद आहे त्याला काम द्यायचं, आणि म्हातारे, अपंग, लहान मुलं यांना काम न करता अन्न द्यायचं. मराठीत त्याला खैरात म्हणायचे. त्याच सुमारास नीरा डावा कालवा झाला, भाटघरचं धरण १८९२ मध्ये पुरं झालं. बारामती-इंदापूरच्या नकाशावर त्यामुळे एक रेघ उमटली. रेघेच्या एका बाजूला बागाईत, दुसऱ्या बाजूला जिरायत. आमच्याकडे मुलगी देताना अजून विचारतात, रान कालव्याखाली आहे का? हात पसरायची वेळ कुणावर येणार, हे त्या रेघेने बऱ्याच अंशी ठरवलं.

दुसऱ्या बाजूचंही ऐकायला हवं. कारण वडिलांच्या मताला मराठीत भक्कम परंपरा आहे. १९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ आलं. खेड्याची रचना समजून घ्यायला आजही त्याच्याइतकं चांगलं पुस्तक सापडणं अवघड. त्यात फिरस्त्यांवर एक प्रकरण आहे. गावात एकामागून एक येणारे मागते, प्रत्येकाचं सोंग निराळं, आणि देणारा शेतकरी मात्र स्वतःच कर्जात. आत्रे या देण्याकडे शेतकऱ्यावरचा भार म्हणून बघतात. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. गरीब गरिबाला देतो आणि ज्याच्याकडे खरंच आहे तो वाड्याचं दार लावून बसतो, हे तेव्हाही होतं.

आणि गाडगेबाबा. जन्म १८७६, म्हणजे ऐन त्या दुष्काळाच्या वर्षी. हा माणूस स्वतः हातात फुटकं मडकं घेऊन भाकरी मागायचा, पण आधी गाव झाडायचा. आंधळ्या-पांगळ्यांना पंगतीत बसवून जेवू घालायचा. आणि श्रीमंतांकडून मिळालेला पैसा धर्मशाळा, शाळा, वसतिगृहांत घालायचा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. भूक आहे तिथे लगेच अन्न, आणि पैसा आहे तिथून संस्था. बाबांनी या दोन गोष्टींची कधी गल्लत केली नाही.

सरकारने मात्र वेगळी वाट धरली. मुंबईत १९४५ मध्ये भिकाऱ्यांसाठी कायदा झाला, आणि त्याच्या जागी १९५९ मध्ये मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम आला. त्यातली ‘भीक मागणे’ या शब्दाची व्याख्या एकदा वाचाच. सार्वजनिक जागी भीक मागणं किंवा घेणं, मग ते गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या, खेळ करण्याच्या किंवा वस्तू विकण्याच्या निमित्ताने का असेना. जखम किंवा व्यंग दाखवणं. इतकंच नाही, पोटापाण्याचं उघड साधन नसताना सार्वजनिक जागी अशा रीतीने भटकणं की हा भीक मागून जगत असावा असं वाटेल, तेही त्यात आलं. म्हणजे वासुदेव, बहुरूपी, नंदीबैलवाला, कुडमुड्या जोशी, आपल्या अंगणात पिढ्यानपिढ्या आलेली ही सगळी माणसं एका वाक्यात गुन्हेगार ठरू शकतात. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात. पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. टेंपलच्या परीक्षेत नापास झालेला निदान घरी तरी जाऊ शकत होता.

आता याच्या अगदी उलट टोकाची गोष्ट. १९७२.

ज्यांच्या घरात जुनी माणसं आहेत त्यांना ‘बहात्तर’ एवढं म्हटलं तरी पुरतं. पाऊस नाही, विहिरी कोरड्या, रेशनला परदेशातून आलेला लाल मिलो. आजी तेव्हा बावीस वर्षांची, पदरात एक मूल. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, ती पदरात बांधून घरी आणायची. तिला ते दिवस सांगताना मी कधी रडवेली बघितलेली नाही. ती खडीच्या ढिगाची मापं सांगते, कोणता मुकादम माप मारायचा ते सांगते. आणि वडिलांशी वाद झाला की शेवटी म्हणते, “आरं, हाताला काम आसल्यावं कोन कशाला हात पसरतंय?”

आकड्यांत सांगायचं तर १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पीक पार बुडालं होतं, तरी १८७७ सारखी प्रेतं रस्त्यावर पडली नाहीत. आणि या काळात एक कल्पना पक्की झाली जी वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगावला छोट्या प्रमाणात करून बघितली होती: मागेल त्याला काम. १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यभर आली, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता द्यायचा, अशी त्यात तरतूद. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी असाच कायदा केला, तो याच पायावर.

टेंपलची कामं आणि रोहयोची कामं वरवर सारखीच दिसतात. तीच खडी, तेच पाझर तलाव, तेच रस्ते. फरक एवढाच की पहिल्यात सरकार विचारत होतं, तू खरंच उपाशी आहेस का? दुसऱ्यात माणूस विचारतो, माझं काम कुठे आहे?

आणि पैसा कुठून आला? हे माझ्या पिढीच्या नोकरदारांनी ऐकाच. तुमच्या पगारपत्रकात व्यवसाय कर नावाची एक ओळ असते. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. आम्ही ऑफिसात त्यावर विनोद करतो की हा कर नेमका कशाचा. हा कर १९७५ मध्ये रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी बसवला गेला. शहरात पगार घेणाऱ्याने गावात काम मागणाऱ्यासाठी द्यायचं, आणि तेवढीच भर सरकारने घालायची. माझ्यासारख्या कितीतरी जणांना वाटतं की आपण भीक देत नाही. खरं तर त्या कल्पनेतून वर्षाला अडीच हजार रुपये महाराष्ट्राने आपल्याकडून कापूनच घ्यायला सुरुवात केली होती, फक्त त्यात कुणाला हात पसरावा लागू नये अशी सोय होती.

आता शोषणाचा मुद्दा. वडिलांच्या बाजूचा सगळ्यात जड दगड हाच.

मुलांना भीक मागायला लावणारी माणसं असतात, यात शंका नाही. कायद्याने ते ओळखलंय. १९५९ च्या कायद्याचं ११ वं कलम दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्याला शिक्षा सांगतं. बालन्याय कायदा, २०१५ चं ७६ वं कलम मुलाला भिकेसाठी वापरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड सांगतं. मुलाला अपंग करून भिकेला लावलं तर शिक्षा आणखी कडक. पण शोषण आहे म्हणून शोषिताला द्यायचं बंद करा, हे आपण आणखी कुठे म्हणतो? आमच्याकडे दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, कारखान्यांच्या आसपास पालं पडतात. उचल देऊन मुकादम त्यांना कसं बांधून ठेवतो हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मजुरी देणं बंद करा असं कुणी म्हणत नाही. म्हणायचं झालं तर मुकादमाचा हिशोब तपासा म्हणतात. रोहयोतही खोट्या हजेरीपटांचे घोटाळे झाले, आणि त्यात बायकांची मजुरी कापली गेली म्हणून आजीने खडी फोडायला नको होती, असंही कुणी म्हटलं नाही. भिकाऱ्याच्या बाबतीतच आपण मधल्या चोराची शिक्षा शेवटच्या माणसाला देतो.

आणि हा संशय फुकट नसतो. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली. भिक्षा मागत फिरणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्या काळात मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. जमावाने त्यांना पकडलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. मंगळवेढा आमच्या इंदापूरपासून काही फार लांब नाही. तोच कोरडा पट्टा, तीच माणसं. दुष्काळी मुलुखातून मागायला निघालेल्यांची आणखी एक परीक्षा झाली, आणि या वेळी परीक्षक गावातलेच होते. ‘भिकाऱ्यांच्या टोळ्या असतात’ हे वाक्य पुढे पाठवताना मला हे पाच जण आठवतात, आणि मी ते पाठवत नाही.

त्यानंतर महिन्याभराने, ८ ऑगस्ट २०१८ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने तिथे लागू असलेल्या याच मुंबईच्या कायद्याची बहुतेक कलमं रद्द केली. गरिबीतून भीक मागणं हा गुन्हा असू शकत नाही, असं सांगितलं. पण ११ वं कलम, दुसऱ्याला भिकेला लावणाऱ्याचं, ते हात न लावता ठेवलं. मला वाटतं आमच्या घरातल्या वादाचा इतका स्वच्छ निवाडा दुसरा कुणी केलेला नाही. मागणाऱ्याला सोडा, मागायला लावणाऱ्याला धरा. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवण्याची मागणी मान्य केली नाही. कुणाला आवड म्हणून भीक मागावी लागत नाही, हा त्यांचा रोख होता.

२०११ च्या जनगणनेत भिकारी आणि भटके म्हणून देशात ४ लाख १३ हजार ६७० माणसं नोंदली गेली. खरा आकडा जास्त असेल असं धरा, तिप्पट धरा. एवढ्या मोठ्या देशाला ही संख्या जड नाही. दुष्काळात एकट्या महाराष्ट्राने ५० लाख लोकांना काम दिलं होतं.

मग करायचं काय? मी माझ्यापुरतं जे ठरवलंय ते सांगतो, तुम्ही तुमचं ठरवा.

लहान मूल मागत असेल तर रोख नाही. कारण तिथे पैसा मुलाच्या हातात राहत नाही, ही शक्यता खरी आहे. खायला देतो, आणि मूल मारहाण झालेलं किंवा गुंगीत दिसलं तर १०९८ ला फोन करतो. इथे वडील बरोबर आहेत.

मोठं माणूस मागत असेल तर जमेल तेवढं देतो आणि पुढे जातो. तो त्या दहा रुपयांचा चहा पिईल की बिडी ओढेल, हे विचारत नाही. माझा पगार होतो तेव्हा मला कंपनी विचारत नाही. इथे आजी बरोबर आहे.

तिसरी गोष्ट या दोघांच्याही वादात येत नाही. ज्यांच्याने काम होत नाही, त्यांच्यासाठी रोजगार हमीचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, म्हाताऱ्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. पण तहसीलला अर्ज करायचा तर उत्पन्नाचा दाखला, वयाचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचं पासबुक. पालात राहणाऱ्या फिरस्त्याने रहिवासी दाखला आणायचा कुठून? दोन दिवस मजुरी बुडवून तालुक्याला हेलपाटे घालायचे कुणी? टेंपलने काम लांब ठेवलं होतं, आता खिडकी लांब आहे. आपल्यापैकी ज्यांना ऑनलाइन फॉर्म भरणं हातचा मळ आहे, त्यांनी गावी गेल्यावर एका माणसाचा असा एक अर्ज शेवटपर्यंत नेला, म्हणजे भरून देऊन मोकळं न होता पैसे खात्यात पडेपर्यंत, तर ते सिग्नलवरच्या हजार रुपयांपेक्षा जास्त होईल. मी या वर्षी दोघांचे हातात घेतलेत. एकाचं काम झालंय. दुसऱ्या बाई मूळच्या परजिल्ह्यातल्या, त्यांचा कागद रहिवासी दाखल्यापाशी अडलाय. त्यांना मी दर वेळी पैसेही देतो, कारण दाखला येईपर्यंत जेवायचं तर रोजच असतं.

वडिलांना हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, तुझं गणित बरोबर असेल, पण दारातली रांग कोण आवरणार? आजी काही बोलली नाही, ती पीठ मोजत होती. वाद चालू आहे.

जाता जाता एक काम देतो. तुमच्या घरात, शेजारी बहात्तरच्या कामावर गेलेलं कुणी असेल तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा आणि मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. कोणतं काम होतं, मजुरी किती, सुकडी कशी लागायची, मुकादम कसा होता. त्या पिढीतली माणसं आता थोडी उरलीत, आणि मागणं आणि कमावणं यातला फरक त्यांच्याइतका नीट कुणाला माहीत नाही. जमलं तर ते रेकॉर्डिंग आम्हाला पाठवा, पुढच्या एखाद्या भागात सगळ्यांना ऐकवू.